मिटत्या छपराची गाडी

छोट्या ट्रकच्या पाठीवर बसवायची, छप्पर वर उचलता येणारी खोली विकत घेण्यापूर्वी माणसाने अठ्ठावीस गोष्टींचा विचार करावा, असं आता माझं मत झालं आहे. मी सत्तावीस गोष्टींचा केला होता. त्याबद्दल तोक्योच्या निशी-कसाई भागातल्या मराठी मंडळींत माझं कौतुकही झालं होतं. अठ्ठाविसावी गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही, आणि ती का आली नाही हे सांगण्यासाठीच हा खटाटोप आहे.

ही वस्तू ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. ट्रक म्हणजे आपल्याकडच्या टेंपोचं धाकटं भावंड, पिवळ्या नंबरपाटीचं. त्याच्या हौद्यात पेटीसारखी एक खोली बसवलेली असते. गाडी चालते तेव्हा छप्पर खाली मिटलेलं असतं. गाडी थांबली की ते चारही कोपऱ्यांतून वर उचलायचं. बाजूंना जाड कापड ताणलं जातं, आणि आत माणूस ताठ उभा राहू शकतो. आत हातरुमालाएवढा ओटा, वाडग्याएवढी मोरी, समोरासमोर दोन बाकं आणि पुढे ट्रकच्या टपावर झुकलेला एक माळा. बाकांची गादी केली की दोघं, माळ्यावर दोघं, असे चौघे झोपतात. आम्ही चौघंच होतो. मी, प्रणिता, आठ वर्षांची चैत्राली, आणि नव्वद दिवसांच्या व्हिसावर पुण्याहून आलेली आई.

सगळं सुरू झालं ते आईपासून. आईला फुजी बघायचा होता. यात काय विशेष, असं कुणी म्हणेल. स्वच्छ हवा असली की आमच्या इमारतीच्या गच्चीवरूनही तो दिसतो, दूर, अंगठ्याच्या नखाएवढा. मी तिला दाखवलाही. तिने पाहिला, नमस्कार केला आणि म्हणाली, "हे तोंडदेखलं झालं. बघणं नव्हे."

आईच्या लेखी डोंगर बघण्याची रीत ठरलेली आहे. डोंगर समोर दिसेल अशा जागी आपली चूल पेटली पाहिजे, भात शिजला पाहिजे, डोंगराला नैवेद्य दाखवून मग आपण जेवलं पाहिजे. एवढं झालं की ती त्या डोंगराची एक ओवी रचते, आणि मगच तो डोंगर पाहिला असं धरते. ही रीत तिच्या आईची, तिच्या आजीची. पर्वतीपासून सप्तशृंगीपर्यंत तिच्याकडे असे एकोणीस डोंगर आहेत. पर्वतीची ओवी माझ्या लहानपणची:

पर्वतीच्या पायरीला
दम लागला अर्ध्यात
बाळ माझा विश्वजित
पाणी आणितो तांब्यात

ऐतिहासिक सत्य असं, की ते पाणी मी वाटेतच पिऊन टाकलं होतं. पण ओवीत ते आईपर्यंत पोचलं आहे, आणि ओवीपुढे इतिहासाचं काही चालत नाही.

या एकोणीस ओव्यांत मी तेरा वेळा आहे, बाबा चार वेळा, आमची गाय एकदा आणि एस.टी.चा एक कंडक्टर एकदा. प्रणिता एकदाही नाही. हा हिशेब मी केलेला नाही. तो प्रणिताने केलेला आहे. लग्नाला दहा वर्षं झाली होती, त्यातले चार डोंगर तिच्यासमोर झाले होते, एकाचा तर भातही तिनेच शिजवला होता. ती कधी काही बोलली नाही. दोघींमध्ये भांडण असं कधी नव्हतंच. भांडणाला जेवढी जवळीक लागते तेवढीही नव्हती. आमच्या निशी-कसाईच्या स्वयंपाकघरात एका वेळी एकच बाई मावते, त्यामुळे सप्टेंबरपासून दोघी पाळीपाळीने आत जात आणि बाहेर येताना एकमेकींना वाट देत, स्टेशनवर अनोळखी माणसं देतात तशी.

आता फुजीच्या पायथ्याशी चूल कुठे पेटवायची? हॉटेलच्या खोलीत पेटवता येत नाही. बाहेरचं आई खात नाही, कारण इथे साध्या शेवयांच्या पाण्यातही मासा पोहून गेलेला असतो. उघड्यावर बसायचं तर तिचे गुडघे नाहीत. अशा पेचात मी न्हाव्याच्या दुकानात नंबर लागायची वाट बघत असताना एका मासिकात त्या गाडीचं चित्र पाहिलं. मागे डोंगर, पुढे छप्पर उघडलेली गाडी, आणि ओट्यावर वाफाळणारं पातेलं. पातेल्याच्या जागी मला आमचा कुकर दिसला.

बातमी दोन दिवसांत पसरली आणि सल्ले यायला लागले. नीलकंठराव आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. एका व्यापारी कंपनीत अकरा वर्षं जपानात, त्यामुळे जपानबद्दल ते जपान्यांनाही सांगतात. त्यांचं म्हणणं, कापडाच्या भिंती असलेल्या खोलीत फोडणी देऊ नये. हिंगाचा वास कापडात शिरला की गाडी विकताना गिऱ्हाईक पळतं. त्यांच्या विभावहिनींचा सल्ला, ओट्यावर पोळपाट बसतो का ते आधी बघा. माझ्या ऑफिसातला नरेंद्र हा वजनाच्या मागे लागला. त्या ट्रकवर साडेतीनशे किलोच चालतात आणि खोलीच शंभराची असते, तेव्हा बाकीचं काटेकोर बसवायला हवं. त्याने एक्सेलमध्ये तक्ता केला. कुकर, तांदूळ, पाणी, गाद्या आणि आम्ही चौघं. प्रणिताने वजन सांगायला नकार दिला. तिच्या रकान्यात नरेंद्रने अंदाजाने एक आकडा टाकला आणि तो तक्ता चुकून सगळ्यांना मेल केला. पुढचे तीन आठवडे नरेंद्र आमच्याकडे चहाला आला नाही.

पण मुद्दा असा की विचार झाला. छप्पर मिटल्यावर उंची किती, कापड पाऊस धरतं का, गॅसचा वास आला तर भोंगा वाजतो का, मोरीचं पाणी जातं कुठे. एका रविवारी आम्ही चौघं तोझाई लाइनने नदी ओलांडून इचिकावाला ओनो-सान नावाच्या विक्रेत्याकडे गेलो. प्रणिताच्या मांडीवर पिशवीत पोळपाट होता. ओनो-सान हा पन्नाशीचा, अतिशय सभ्य माणूस. त्याने पोळपाट दोन्ही हातांनी स्वीकारला, ओट्यावर ठेवला, चारी बाजूंनी मोजला आणि वहीत लिहून घेतला. मी विचारलं, चौघं मावतील का? तो म्हणाला, झोपायला मावतील. मला तेवढं पुरलं. पुढे त्याने अठरा पानी कागद दिला. मी प्रत्येक पानावर इथल्या रीतीप्रमाणे सहीऐवजी शिक्का मारला. वाचलं का, असं त्याने नम्रपणे विचारलं. मीही तितक्याच नम्रपणे मान हलवली.

त्या दिवशी ओनो-सानने मला छप्पर मिटायला शिकवलं. हे काम दिसतं तसं नाही. कापड आतून दोन्ही हातांनी गोळा करावं लागतं, चारी कोपरे एका लयीत खाली आणावे लागतात, एखादी चुणी बाहेर राहिली तर खिट्टी लागत नाही. सातव्या प्रयत्नाला मला जमलं. ओनो-सानने टाळ्या वाजवल्या. घरात हे एकट्या मलाच येत होतं, आणि त्याचं मोल किती होतं हे कळण्यासाठी माझी दुसरी एक गोष्ट सांगावी लागेल.

गाडी माझ्या नावावर होणार होती, पण चालवणार प्रणिता होती. भारतातल्या लायसनवरून इथलं मिळवायचं तर मैदानात परीक्षा द्यावी लागते. मी चारदा नापास झालो. पहिल्यांदा गाडीत बसण्यापूर्वी वाकून खाली पाहिलं नाही. खाली मांजर असू शकतं. दुसऱ्यांदा आरशात पाहिलं पण मान वळवली नाही. तिसऱ्यांदा मान इतकी वळवली की काही हरवलं आहे का, असं परीक्षकाने विचारलं. चौथ्यांदा थांबण्याच्या पाटीशी मी मनाने पूर्ण थांबलो होतो. चाकं थोडी पुढे गेली. प्रणिता दुसऱ्या वेळी पास झाली. पुण्यात लक्ष्मी रोडवर स्कूटर चालवलेल्या बाईला मैदानात एकटीला गाडी चालवायची म्हणजे विश्रांतीच होती.

मग जागेचं प्रकरण. गाडी कुठे उभी करणार हे पोलिसांना नकाशा काढून दाखवावं लागतं. आमच्या इमारतीतल्या, गाड्या वर उचलणाऱ्या पार्किंगच्या पाळण्यात ट्रक बसत नव्हता. जवळच मुराता-सान नावाचे ऐंशीचे शेतकरी आहेत. पालेभाजीच्या वाफ्यांशेजारी त्यांनी चार गाड्यांची जागा केली आहे. त्यातली एक रिकामी होती, कारण तिच्यावर काकीच्या झाडाची, म्हणजे इथल्या टोमॅटोसारख्या नारिंगी फळाच्या झाडाची, एक फांदी आडवी आली होती. फांदी तोडणार नाही, असं त्यांनी मी विचारण्याआधीच सांगितलं. आम्ही टेप लावली. मिटलेलं छप्पर फांदीखालून चार बोटं सोडून जात होतं. आई तिथेच म्हणाली, गाडी इथेच ठेवायची. फळांनी लगडलेल्या झाडाखाली ठेवलेली वस्तू खोटी निघत नाही.

चौकीतल्या पोलिसाने माझा नकाशा तीनदा परत केला. एकदा पेन्सिलीने काढला म्हणून, एकदा प्रवेशाचा बाण नव्हता म्हणून, आणि एकदा मी झाड काढलं नव्हतं म्हणून. चौथ्यांदा मी झाड काढलं, त्याला फळंही काढली. त्याने बराच वेळ पाहिलं आणि शिक्का दिला. मात्र यात ऑक्टोबर गेला, अर्धा नोव्हेंबर गेला. गाडी हातात येणार होती ती तेवीस तारखेला, शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी. आईचं विमान मंगळवारी होतं. मधल्या शनिवारी फुजी झाला तर झाला; नाही तर विसावा डोंगर तोंडदेखलाच राहणार होता.

शुक्रवारी ओनो-सान स्वतः गाडी घेऊन आला. नीलकंठराव, विभावहिनी आणि मधे तीन आठवडे तोंड लपवलेला नरेंद्र, सगळे काकीच्या झाडाखाली जमले. आईने गाडीला हळदकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली, बांधाच्या दगडावर नारळ फोडला. करवंटी कुठल्या कचऱ्यात टाकायची यावर चैत्रालीने जपानीत शंका काढली. मुराता-सान म्हणाले जळणाऱ्या, नीलकंठराव म्हणाले न जळणाऱ्या. चैत्रालीने मुराता-सानचं ऐकलं. ओनो-सान हात जोडून उभा होता. मी त्याच्या देखत छप्पर उघडून मिटून दाखवलं. सगळं मंगल होतं.

मग मी म्हटलं, एक फेरी मारू. प्रणिता चालकाच्या जागी बसली. मी शेजारी बसलो. आई आणि चैत्राली मागचं दार उघडून खोलीत बाकावर बसल्या. आईने मांडीवर प्रसादाचं ताट घेतलं. प्रणिताने किल्ली फिरवली, आणि समोर ओनो-सान आला. त्याने दोन्ही हात छातीवर फुलीसारखे धरले होते. इतका सभ्य माणूस, पण चेहरा पांढराफटक.

मी खाली उतरलो. त्याने अठरा पानांतलं अकरावं पान उघडलं. ट्रकला जागा दोन. मागची खोली ही कायद्याने खोली नव्हे. ते ट्रकवर लादलेलं सामान आहे. गाडी चालू असताना सामानात माणूस बसत नाही.

मी त्याला म्हटलं, तुम्ही चौघं मावतील म्हणाला होतात. तो म्हणाला, झोपायला. मग त्याने अतिशय हळू विचारलं, "तुम्हाला काय वाटलं होतं, आई कुठे बसतील?"

आता हे मी त्याला कसं समजावणार? माझ्या धाकट्या मावशीच्या लग्नाला आम्ही एका टेंपोत एकतीस माणसं, दोन ट्रंका आणि एक सनईवाला असे बसून गेलो होतो. सनईवाला वाटेत वाजवतही होता. मागे हौदा असलेली गाडी म्हणजे मागे माणसं, ही गोष्ट विचार करण्याची असते हेच आमच्यापैकी कुणाला कधी सुचलं नव्हतं. मी वळून नीलकंठरावांकडे पाहिलं. ते झाडाकडे बघत होते. मागाहून कळलं की त्यांच्या मुंजीला चाळीस माणसं ट्रकमधून आली होती. नरेंद्रने आपल्या तक्त्यात आमचं चौघांचं वजन ग्रॅमपर्यंत बसवलं होतं, पण ती वजनं टेकणार कशावर, हा रकाना नव्हता.

नीलकंठराव शेवटी म्हणाले, "मी तुम्हाला कापडाचं आधीच सांगितलं होतं."

घरी आलो. आई पोळपाट पुसून जागेवर ठेवत होती, पुन्हा पुन्हा. मी हिशेब मांडला. गाडी चालवणार प्रणिताच, कारण दुसरं कुणी चालवूच शकत नाही. उरली एक जागा. मी म्हटलं, मी बसतो शेजारी, रस्ता मला पाठ आहे. आई आणि चैत्राली बसने येतील. प्रणिता म्हणाली, "आणि रस्त्यात आईंना काही झालं तर चैत्राली बघेल?" मी म्हटलं, मग मी आणि चैत्राली बसने, आई गाडीत. हे बोलताना माझ्या मनात एकच भीती होती. साडेतीन तास, दोन बायका, एक छोटी केबिन. स्वयंपाकघरात निदान एकीला बाहेर येता येतं.

आई म्हणाली, "मला काय, डोंगराशी काम."

प्रणिता म्हणाली, "मलाही."

शनिवारी पहाटे पाचला त्या दोघी निघाल्या. केबिनच्या खिडकीतून मी प्रणिताला छप्पर कसं उघडायचं ते पुन्हा सांगितलं. मिटायचं मात्र मी आल्यावर, असं बजावलं. चुणी राहिली तर खिट्टी तुटते. तिने मान हलवली. ही मान मी ओनो-सानपुढे हलवली होती तशीच होती, हे मला नंतर जाणवलं. गाडी काकीच्या फांदीखालून चार बोटं सोडून बाहेर पडली. केबिनमध्ये दोघी समोर बघत होत्या.

आमची बस शिंजुकूहून आठची. सुट्टीचे दिवस असल्याने सगळं तोक्यो त्याच डोंगराला निघालं होतं. वळणावर वळण आलं की चैत्राली खिडकीला नाक लावी आणि मला जपानीत सांगे, अजून नाही. एकदा तो दिसला, दोन टेकड्यांच्या मधून, पांढरा, स्वच्छ, अंगावर येणारा. मी चैत्रालीला हाक मारेपर्यंत बोगदा आला. बोगद्यातून बाहेर आलो तेव्हा ढग आले होते. तळ्यापाशी आम्ही उतरलो तेव्हा अकरा वाजले होते, आणि फुजीच्या जागी आकाशात नुसता राखाडी पडदा होता. डोंगर त्यामागे होता, असं पाटीवर लिहिलं होतं.

तंबूंच्या मैदानावर आमची गाडी लांबूनच ओळखू आली. तिचं छप्पर उघडलेलं होतं आणि कापडातून हिंगाचा वास सगळ्या तळ्यावर पसरला होता. शेजारच्या तंबूतलं एक जपानी जोडपं खुर्च्या तिकडे वळवून बसलं होतं. मी मागच्या दाराशी गेलो आणि थांबलो. आतून हसण्याचा आवाज येत होता. दोन आवाज होते. त्यातला एक आईचा होता हे मला लगेच कळलं. दुसरा प्रणिताचा होता हे कळायला थोडा वेळ लागला, कारण आईच्या समोर ती अशी हसलेली मी ऐकली नव्हती.

आत ओट्याशी दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. आमच्या घरच्या स्वयंपाकघरापेक्षा ही जागा निम्मी. इथे वाट द्यायची म्हटली तरी द्यायला वाट नव्हती, म्हणून त्यांनी तो नाद सोडून दिला असावा. एक पोळी लाटत होती, दुसरी भाजत होती.

मी विचारलं, "दिसला?"

"दिसला की," आई म्हणाली. "पावणेनऊपासून दहापर्यंत. भात झाला, नैवेद्य झाला, मग त्याने पडदा ओढला. तू जरा लवकर यायचंस."

आम्ही बाकावर बसलो. गाडी उभी होती, त्यामुळे सामानात माणसं बसायला कायद्याची हरकत नव्हती. आईने वरणभात वाढला. मी विचारलं, ओवी झाली का? आईने प्रणिताकडे पाहिलं. प्रणिता तव्याकडे बघत राहिली. मग आई, जेवताना म्हणत नाहीत तरी, हलक्या आवाजात म्हणाली:

सात समुद्रापल्याड
डोंगर एकटा उभा
त्याला दावीते निवद
सून धरीते गं डबा

चैत्रालीने जपानीत विचारलं, यात बाबा कुठे आहेत? प्रणिताने तव्यावरची पोळी उलटली. ती करपली होती. आजवर तिची पोळी करपलेली मी पाहिली नव्हती, आणि तिला ती उचलायचं भानही नव्हतं. आईने हात लांब करून उचलली आणि स्वतःच्या ताटात घेतली.

निघायची वेळ झाली. भांडी माळ्यावर गेली, बाकं आवरली. मी बाह्या सरसावल्या आणि म्हटलं, आता सगळ्यांनी बाहेर व्हा, छप्पर मिटायचं आहे. दोघी बाहेर आल्या. मी कापड दोन्ही हातांनी गोळा करायला लागलो, तेवढ्यात चैत्राली म्हणाली की खिट्टीजवळ चहाचा डाग कसला? प्रणिताने डागाकडे पाहिलं. मग म्हणाली, "वाटेत दोनदा थांबलो होतो. आईंना आल्याचा चहा हवा होता."

म्हणजे दोनदा उघडलं होतं. म्हणजे दोनदा मिटलंही होतं.

मी खिट्टीकडे पाहिलं. धड होती. चुणी कुठे नव्हती. सात प्रयत्नांनी शिकलेली माझी ती एकुलती एक विद्या, सासूसुनांनी चहा उकळेपर्यंत आत्मसात केली होती. माझे हात कापडात तसेच राहिले. प्रणिता मदतीला पुढे आली, तशी आईने तिचा हात धरून मागे घेतला.

"राहू दे," ती हळूच म्हणाली, पण कापडाच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं. "मिटू दे त्याला."

मी चारी कोपरे एका लयीत खाली आणले, खिट्टी लावली आणि बाहेर आलो. दोघींनी टाळ्या वाजवल्या. मग त्या केबिनमध्ये चढल्या, आपापल्या जागी बसल्या, आणि मी आणि चैत्राली बसच्या थांब्याकडे निघालो.